हुरमतबीचं गाठोडं

दम्माम,
१२ डिसेंबर

प्रिय जोहरा,

दहा महिन्यांत तुला एक ओळसुद्धा पाठवली नाही. मोबाइलवर चार-पाच वेळा मजकूर टाइप केला आणि पुसून टाकला. विजय म्हणाला, फोन कर, दोन मिनिटांचं काम आहे. पण फोनवर मी काय करते ते मला आता कळलंय. समोरच्याला काय ऐकायचंय याचा अंदाज घेते आणि तेच बोलून मोकळी होते. म्हणून कागद घेतला. तुला चांगल्या ठाऊक असलेल्या गोष्टीही या पत्रात मी पहिल्यापासून सांगणार आहे, एखाद्या परक्या माणसाला सांगाव्यात तशा. तुला वाटेल, मास्तरीणबाई पुन्हा सुरू झाल्या. वाटू दे. असं का लिहिलंय ते शेवटी येईल.

माझी ओवी आणि तुझी तबस्सुम तिसरीत होत्या. शाळेच्या फाटकाबाहेर उन्हात उभ्या असलेल्या बायकांत मी कुणाशी बोलत नव्हते. ओवी पळत आली तर तिच्या फ्रॉकची किनार लोंबत होती. तेवढ्यात एक बाई खाली बसली, पर्समधून सुई-दोरा काढला आणि म्हणाली, "थांब गो बाय, उसवलंय सगळं." अबाया घातलेल्या बाईच्या तोंडून दाभोळच्या खाडीकाठची मराठी ऐकून मला हसू फुटलं, आणि तुलाही. इथं सौदीत येऊन मला तेव्हा चार वर्षं झाली होती. नाशिकला मी शाळेत इतिहास शिकवायची. इथं इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, विजयची बायको एवढीच माझी नोंद. दिवसभर घरात बसून डोकं फिरायची वेळ आली होती. त्या दिवसापासून मला मैत्रीण मिळाली, आणि सहा-सात महिन्यांनी मी तुलाही माझ्या वेडात ओढलं.

वेड म्हणजे जिवंत इतिहास. हे नाटक नव्हे, हे मी प्रत्येकाला शंभरदा सांगायची. रंगमंच नाही, पाठ केलेले संवाद नाहीत. स्वयंसेवकांनी एक दिवस जुन्या काळातलं माणूस व्हायचं. त्याचे कपडे घालायचे, त्याचं काम करायचं. बघणारे मधूनच फिरणार, प्रश्न विचारणार, आणि आपण त्या माणसासारखी उत्तरं द्यायची. पहिल्या वर्षी आपण इंग्रजी अमलातली टपाल कचेरी केली. मग कोकणातला मिठाचा नाका केला. दर हिवाळ्यात दम्मामबाहेरच्या एका इस्तराह्याचं, म्हणजे सुट्टीच्या बागबंगल्याचं, अंगण भाड्यानं घ्यायचं, आणि खोबर, जुबैल अशा जवळच्या गावांहून मराठी कुटुंबं मुलाबाळांना घेऊन यायची. माझे नियम कडक. चेन चालणार नाही, बटणं हवीत, तीही हाडाची दिसायला हवीत. मनगटी घड्याळ नको, नेलपॉलिश नको. तू माझ्या नियमांना हसायचीस आणि सगळे पाळायचीस. चहाच्या पाण्यात आणि डाळिंबाच्या सालीत कापड उकळून तू ते शंभर वर्षांचं जुनं करायचीस. सात वर्षांत शंभरावर कपडे तुझ्या हातचे झाले. इथल्या मराठी मंडळाच्या अंकात फोटो माझा यायचा. तुझं नाव आभारांत, मंडपवाल्याच्या खाली. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

आणखी एक कबूल करते. दरवर्षी इंग्रज बाई मीच व्हायची. माझं इंग्रजी बरं आहे, असं कारण मी द्यायची. खरं म्हणजे ते कपडे चढवले की माझा आवाज बदलायचा. समोरची माणसं, ओळखीची, रोज माझ्याकडे चहा पिणारी, ती खरोखर दबून उभी राहायची. मला ते आवडायचं. घरी येऊन आरशासमोर एप्रन काढताना मला वाईट वाटायचं, की आता पुढच्या वर्षापर्यंत नाही.

हाजींच्या जहाजाची कल्पना तुझी. तुझी पणजी हुरमतबी १९२६ साली मुंबईहून आगबोटीनं जेद्दाला गेली होती. तुझे मिस्टर नौशादभाई म्हणजे तुझ्या आईच्या मामेभावाचाच मुलगा, म्हणून ती त्यांचीही पणजी, आणि तुझे सासरे नसरुद्दीनचाचा तिचे नातू. तिच्या मांडीवर खेळलेले. तू म्हणालीस, नमाज, हज यातलं काही दाखवायचं नाही, फक्त प्रवास दाखवायचा. डेकवर पथाऱ्या पसरलेली माणसं, पत्र्याच्या ट्रंका, आणि मग तांबड्या समुद्रातलं ते तपासणीचं बेट, जिथं इंग्रज सरकार हाजींना उतरवायचं, त्यांचे कपडे वाफेच्या यंत्रात घालायचं आणि त्यांना औषधाच्या पाण्यानं आंघोळ घालायचं. तू हुरमतबी होणार होतीस. घरात सगळ्यांना ते माहीत होतं. चाचा व्हिजिट व्हिसावर येणार होते, मक्केला उमरा करणार होते, आणि आपल्या दादीला पुन्हा बघायला मिळणार म्हणून खूश होते. तपासणीच्या टेबलावर मी, एप्रन घातलेली इंग्रज तपासणीवाली, तुझं गाठोडं सोडणार, त्यातून तांदूळ, सुकट, आमसुलं निघणार, मी नाक मुरडून वहीत लिहिणार आणि तुला पुढं ढकलणार, एवढंच आपलं ठरलं होतं.

जानेवारीतल्या त्या शुक्रवारी तुझ्या घरी आपण मलमलीच्या ओढण्यांना टीप घालत बसलो होतो. तू असरची, तिसऱ्या प्रहरची नमाज पढून आलीस, पुन्हा मशीनवर बसली नाहीस. माझ्याशेजारी सतरंजीवर बसलीस आणि सांगितलंस. हुरमतबीच्या कडेवर तेव्हा चार महिन्यांचा मुलगा होता. बोटीवर त्याला जुलाब लागले आणि बेट यायच्या आदल्या पहाटे तो गेला. तिनं कुणालाच सांगितलं नाही. बोटीवर मेलेल्यांना कापडात बांधून समुद्रात सोडताना तिनं दोनदा पाहिलं होतं. तिला त्याला मातीत ठेवायचं होतं. जेद्दा येईपर्यंत कसं तरी न्यायचं, एवढंच तिच्या डोक्यात. दिवसभर ती त्याला ओढणीखाली धरून थोपटत राहिली, सासूला म्हणाली झोपलाय. दुसऱ्या दिवशी बेटावर बायकांच्या रांगेत तपासणीवालीनं ते गाठोडं ओढून सोडलं. त्याला कुठं नेलं ते तिला कुणी कधीच सांगितलं नाही. गावी परतल्यावर नवऱ्यानं आणि सासूनं सांगितलं की पोराला जेद्दाला माती दिली, आणि तीच गोष्ट घरात राहिली. मरताना हुरमतबीनं खरं काय ते लेकीला सांगितलं. लेकीनं तुझ्या आईला, आणि आईनं तुला, तबस्सुम झाली तेव्हा. "हे आमच्यात बायाबायांतच आहे," तू म्हणालीस. "पुरुषांपैकी कुणाला ठाऊक नाही. नौशादचे अब्बा तर प्रत्येक उमऱ्याला जेद्दाच्या जुन्या कबरस्तानापाशी जाऊन चुलत्यासाठी फातिहा पढतात. इथंच ठेव ही गोष्ट." माझ्या तोंडात टाचण्या होत्या. मी मान डोलावली.

आता जे लिहिते ते तुला ठाऊक नाही. त्याच संध्याकाळी घरी जाऊन मी वही काढली आणि सगळं उतरवून ठेवलं. वर तारीख घातली आणि समोर लिहिलं, माहिती देणार : जोहरा. तू रडत होतीस तेव्हाचे तुझे शब्द मी जसेच्या तसे आठवून लिहिले, कारण अशी सामग्री पुन्हा मिळत नाही, असं मला वाटलं. सामग्री हाच शब्द मनात आला होता.

तुला वाटत असेल, की फेब्रुवारीतल्या कार्यक्रमात ते ऐन वेळी घडलं, भरात घडलं. तसं नव्हतं. कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी मी ओवीची जुनी बाहुली माळ्यावरून काढली. तिला आत वाळू भरून जड केलं, कारण हलकी बाहुली उचलताना खोटी दिसते. तू शिवून उरलेल्या मलमलीतच तिला गुंडाळलं. आणि कार्यक्रमाच्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, तू केस बांधायला आत गेलीस तेव्हा तुझं गाठोडं सोडून तांदळाच्या पिशवीखाली ती ठेवली. तुला विचारलं तर तू नाही म्हणशील, हे मला माहीत होतं. म्हणूनच विचारलं नाही. मला तुझा चेहरा खरा हवा होता. चाचा पहिल्या रांगेत बसणार आहेत, याचाही विचार मनात येऊन गेला. मी स्वतःला सांगितलं, बाळाचं नाव कुठं घेतेय मी, कुणाला काय कळणार. तुला हुरमत म्हणूनच हाक मारणार होते, तरी हे मी स्वतःला सांगू शकले.

पुढचं तुझ्या समोरच झालं. खजुरांखाली तंबू, टेबल, दौत, वही. दीडशे माणसं दोरीपलीकडे. नूपुर माझी मदतनीस म्हणून गाठोडं धरून उभी, तिला यातलं काही माहीत नव्हतं. मी शिट्टी वाजवली, "हुरमत, नेक्स्ट" म्हणाले. तू आलीस. तांदूळ काढला, सुकट काढली, लोक हसले. मग मी आत हात घातला आणि ती बाहुली एका पायाला धरून वर उचलली. मलमल सुटली. तुझ्याकडे पाहिलं तर तू आधी बाहुलीकडे पाहत नव्हतीस, माझ्याकडे पाहत होतीस. मला वाटलं होतं तू किंचाळशील, किंवा निघून जाशील. तू पुढं आलीस, माझ्या हातातून ती काढून घेतलीस, खांद्याशी धरलीस आणि थोपटायला लागलीस.  मागं एक बाई हुंदके द्यायला लागली. आणि मग टाळ्या, जोहरा. तू थोपटत असतानाच टाळ्या पडत होत्या, आणि मी एप्रनमध्ये ताठ उभी राहून त्या घेत होते.

कपडे ठेवायच्या खोलीत चाचा आले. नौशादभाई त्यांचा हात धरून होते. चाचांना राग आला नव्हता, तेच मला अजून सोसत नाही. त्यांनी तुला विचारलं, "हे खरं हाय काय गो?" तू होकारार्थी मान हलवलीस. ते खुर्चीवर बसले. स्वतःच्या हातांकडे बघत म्हणाले, "मंग तो पोर हाय कुठं?"  तेव्हा नौशादभाई माझ्याकडे वळले. त्यांनी विचारलं, आमच्या घरातली ही गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली आणि कुणाला विचारून इतक्या लोकांसमोर केलीत? खोलीत वीसेक माणसं होती. काहीजण माझं अभिनंदन करायला थांबले होते. मी म्हणाले, "जोहरानंच सांगितलं. तिची परवानगी घेऊनच केलं मी." शब्द न अडखळता बाहेर पडले. तू माझ्याकडे पाहिलंस. एक वाक्य बोलली असतीस तर मी तिथंच खोटी पडले असते. तू बोलली नाहीस. बाहुली टेबलावर ठेवलीस, अबाया घातलास आणि त्यांच्यामागून निघून गेलीस. तू का गप्प राहिलीस याचा मी फार विचार केलाय. वीस माणसांसमोर माझी मान खाली जाऊ नये म्हणून, एवढंच मला सुचतं. मी तुझ्याशी असं वागल्यावरही.

परतताना गाडीत विजय म्हणाला, "कार्यक्रम छान झाला, पण त्या म्हाताऱ्यांचा चेहरा बघितलास का?"  मागून ओवी म्हणाली, "मम्मा, दॅट वॉज माय डॉल. जोहरा आंटीला माहीत होतं?" मी म्हटलं, ऑफ कोर्स. आरशातून ती माझ्याकडे बघत राहिली. तिला कळलं होतं. तिनं पुन्हा विचारलं नाही आणि त्या दिवसापासून माझ्या कुठल्याही कार्यक्रमाला आली नाही.

त्या प्रसंगाचा कुणीतरी काढलेला व्हिडिओ ग्रुपाग्रुपांवर फिरला. एप्रिलमध्ये रियाधच्या मराठी मंडळींनी मला भाषणाला बोलावलं. कुणीतरी विचारलं, इतकी खरी भावना स्वयंसेवकाकडून कशी काढून घेता? आणि मी दहा मिनिटं त्यावर बोलले. तुझं नाव न घेता, "माझी एक सहकारी" म्हणत. शाल मिळाली, ताइफचं गुलाबाचं अत्तर मिळालं. त्याच आठवड्यात ओवीनं जेवताना सांगितलं की तबस्सुमनं तिच्याशी बोलणं सोडलंय. आणि ऑगस्टमध्ये कळलं की नौशादभाईंनी इथलं आवरून बुरैदाला भावाबरोबर खजुराच्या धंद्यात जायचं ठरवलं. तुम्ही गेलात त्या दिवशी मी तुमच्या बिल्डिंगखाली गाडीत बसून होते. तुझं शिलाई मशीन कुणीतरी जुन्या सामानवाल्याच्या टेम्पोत चढवलं. मी खाली उतरले नाही.

ऑक्टोबरात एका अनोळखी भारतीय नंबरावरून फोन आला. चाचा होते, गावाहून.  त्यांना वाटेल ते बोलू दे, ऐकून घ्यायचं, असं ठरवलं. पण त्यांनी भांडायला फोन केला नव्हता. म्हणाले, "बाय, तू जुने कागद वाचतेस. त्या बेटावं कबरस्तान व्हतं काय, बघशील? माझा चुलता समुद्रात गेला का मातीत गेला, येवढं मना कळू दे." मी हो म्हटलं. मग त्यांनी विचारलं, "नौशाद अजून जोहराशी नीट बोलत नाय. म्हणतो, हिनं घरची गोष्ट लोकांत मांडायला दिली. मना ते पटत नाय. पोरगी तशी नाय. तिनं खरंच हो म्हटलं व्हतं काय तुना?" आठ महिन्यांनी देवानं मला पुन्हा एकदा तीच संधी दिली होती. एकटा म्हातारा माणूस, फोनवर, ऐकणारं दुसरं कोणी नाही. मी म्हणाले, "हो चाचा." ते म्हणाले, "बरं," आणि त्यांनी फोन ठेवला. त्यांच्या त्या एका "बरं"मध्ये तुझ्याबद्दलचा विश्वास मी मोडला, हे मला ऐकू आलं.

मग मी कागद शोधायला बसले. सात वर्षं मी जुने दस्तऐवज वाचतेय, पण बटणं कशी होती, टोपी कशी होती, हे बघायला. या वेळी पहिल्यांदा एका माणसाच्या प्रश्नाचं उत्तर हवं होतं. बेटाचे वार्षिक अहवाल आता इंटरनेटवर मिळतात. १९२६ चाही मिळाला. त्यात नावं नाहीत. किती हाजी उतरले, किती कपडे वाफवले, किती मेले, पुरुष इतके, बायका इतक्या, मुलं इतकी. एका तक्त्यात त्या हंगामातली सहा लहान मुलं होती. त्या सहांपैकी एक तो असेल. असेल म्हणते, नक्की नाही. पण अहवालाच्या शेवटी हातानं काढलेला एक नकाशा होता. धक्का, वाफेचं घर, बायकांच्या आंघोळीची शेड, आणि उत्तरेला, समुद्रापासून जरा आत, बारीक अक्षरांत कबरस्तान. तो शब्द वाचल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. मग परत येऊन पुन्हा वाचला.

गेल्या रविवारी दुपारी चाचांना फोन केला. म्हटलं, "चाचा, बेटावर कबरस्तान होतं. नकाशात दाखवलंय. किनाऱ्यावर उतरल्यावर जो सापडला त्याला परत समुद्रात नेलं नसणार, असं मला वाटतं. पण त्याचं नाव कुठंही नाही. नक्की मी सांगू शकत नाही." ते म्हणाले, "माती मिळाली आसेल तर बस झालं." मग त्यांचा आवाज भरून आला. म्हणाले, "दादीला येवढं कुणी सांगितलं आसतं तर. तुझं भलं होवो पोरी, तुझ्या लेकरांचं भलं होवो." त्यांच्या अंगणात कोंबड्या ओरडत होत्या. तो आशीर्वाद मला घेता येईना. मी म्हणाले, चाचा, थांबा, जोहरानं परवानगी दिली नव्हती. तिला बाहुलीचं माहीतच नव्हतं. ती गोष्ट तिनं माझ्यापाशी विश्वासानं ठेवली होती, आणि मी ती चोरली.   चाचा म्हणाले, "ऑक्टोबरात ईचारलं तवा हो म्हनालीस." मी म्हटलं, खोटं बोलले. "आनि त्या दिवशी, नौशादसमोर?" मी म्हटलं, तेव्हाही. "ती उभी व्हती तिथं," ते म्हणाले. "उभी राहून ऐकत व्हती." 

परवा मंडळाची बैठक झाली. फेब्रुवारीत पुन्हा जहाजच करायचं, बाळाचा प्रसंग मोठा करायचा, असं सगळ्यांचं चाललं होतं. मी उभी राहिले आणि वर जे लिहिलंय ते सांगितलं, बाहुलीत वाळू भरल्यापासून. माझा आवाज तेव्हा कुठल्याच एप्रनातला नव्हता, चक्क कापत होता. काही जण म्हणाले, जाऊ द्या, कलेत असं होतंच. नूपुर मात्र उठली. म्हणाली, "गाठोडं मी धरलं होतं, मंजिरीताई. माझ्याही हातून करवून घेतलंत ना?" आणि बाहेर निघून गेली. मी कामातून बाजूला झालेय. तो व्हिडिओ काढून टाका असं सगळ्या ग्रुपांवर लिहिलंय, का ते कारणासकट. जो एकदा फिरला तो पूर्ण निघत नाही, हेही मला ठाऊक आहे. ओवीनं तो मेसेज वाचला. माझ्यासमोरचं ताट उचलून घेऊन गेली. तेवढंही गेले दहा महिने नव्हतं.

तुझी माफी मागायला हे पत्र लिहिलेलं नाही, जोहरा. ती मागायची तर बुरैदाला येऊन, तुझ्या दारात उभं राहून मागावी लागेल, आणि तू दार उघडशील की नाही तो सर्वस्वी तुझा प्रश्न. हे पत्र चाचांनी लिहायला सांगितलं. त्या फोनवर शेवटी ते म्हणाले, "मना सांगून काय फायदा गो? ज्याच्या घरात ती राहते त्याला सांग. आनि तोंडानं नको. तोंडचं तो म्हणेल बायका बायका एक झाल्या. लिहून दे. सगळं लिही, तुझी लाज राखू नको." नौशादभाई दहावीपर्यंत मराठी शाळेत होते, हे तूच मला कधीतरी सांगितलं होतंस. म्हणून पाकिटावर त्यांचं नाव आणि दुकानाचा पत्ता घातलाय, आणि म्हणूनच तुला माहीत असलेलं सगळं पहिल्यापासून लिहिलंय. नौशादभाई, तुमच्या बायकोनं तुमच्या घरची गोष्ट कुणाला दिली नाही. ती मी घेतली. त्या दिवशी तुमच्यासमोर मी खोटं बोलले, आणि तिनं तुमचा राग, अब्बांचं दुःख, हे सगळं स्वतःवर घेतलं, पण मला उघडं पाडलं नाही. दहा महिने तुम्ही ज्या बाईशी अबोला धरलाय तिची काही चूक नाही. इथपर्यंत वाचलं असेल, तर आता हे पत्र तिच्या हातात द्या. ते तिचं आहे.

तुझीच,
मंजिरी